वेशांतराचा फासा कधी टाकावा

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांत, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र चालवायच्या आणि अवघड प्रसंग फाशाने ठरवायच्या खेळांत, तलवारीचा वार लागला की नाही यावर फारसं कुणी भांडत नाही. वेशांतरावर मात्र हमखास भांडण होतं. चोराने पहारेकऱ्याचा अंगरखा चढवला, मिशा लावल्या आणि किल्ल्याच्या दरवाजाशी जाऊन उभा राहिला, की टेबलावर दोन तट पडतात. एक तट म्हणतो, वीस बाजूंच्या फाशावर १८ पडलेत, सोडा आत. दुसरा म्हणतो, पहाऱ्यावरचे आठ जण रोज एकत्र जेवतात, हा नववा कोण हे त्यांना कळणार नाही होय?

दुसऱ्या तटाचं म्हणणं खरं आहे. पण त्यावर जो उपाय सहसा होतो तो चुकीचा आहे. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, फाशाला आणखी उणे आकडे लावतो: उंची जुळत नाही, उणे दोन, दाढी खोटी आहे, उणे दोन, ओळखीची माणसं आहेत, आणखी उणे चार. असे आकडे वाढवून वास्तव येत नाही, फक्त बेरीज लांबते. वास्तव आणायचं असेल तर फासा कधी टाकायचा तेच बदलायला हवं. वेश चढवताना फासा टाकूच नये. समोरच्याने काही विचारलं किंवा तपासलं, आणि त्याला द्यायला वेशाकडे काही नसलं, तेव्हाच टाकावा.

नियम काय सांगतात ते आधी नीट पाहू. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २००३ च्या साडेतीन आवृत्तीत वेशांतर हे स्वतंत्र कौशल्य होतं, पात्राच्या करिष्म्यावर, म्हणजे व्यक्तिमत्त्वाच्या छापेवर चालणारं. वेश करायला १ ते ३ चा आकडा गुणिले दहा मिनिटं, म्हणजे दहा ते तीस मिनिटं लागत. फासा डीएम गुपचूप टाकी, कारण आपला वेश किती जमलाय हे घालणाऱ्याला कळू नये. किरकोळ बदल असेल तर अधिक पाच; दुसरं लिंग, दुसरी जमात, दुसरा पेशा दाखवायचा तर प्रत्येकी उणे दोन. बघणारा उलट नजरेचा फासा टाकी आणि मोठा आकडा जिंके. ठरावीक माणसाचं सोंग घेतलं तर बघणाऱ्याला ओळखीप्रमाणे बोनस: नुसतं पाहून ओळखणाऱ्याला चार, सोबत्याला सहा, जवळच्या मित्राला आठ, अगदी आतल्या नात्याच्या माणसाला दहा.

हा शेवटचा दहाचा बोनस ऐकायला भक्कम वाटतो. बाकी बोनस दोघांचे सारखे धरले आणि दोघांनी वीस बाजूंचा फासा टाकला, तर एकूण ४०० जोड्या होतात. त्यांतल्या ४५ जोड्यांत सोंग घेणारा जिंकतो. म्हणजे दुसऱ्याच्या नवऱ्याचं सोंग घेऊन त्याच्याच घरात शिरणारा भामटा सुमारे नवांत एकदा बायकोला फसवतो. त्यात पहिल्या पातळीचा ‘डिस्गाइज सेल्फ’ मंत्र वापरला तर सोंगालाही अधिक दहा मिळतात आणि बायकोची सगळी ओळख वजा होऊन मामला जवळपास अर्ध्यावर येतो. वीस वर्षांच्या संसाराची किंमत पहिल्या पातळीचा एक मंत्र!

उलट बाजूने पाहिलं तर हाच नियम साध्या वेशाला जगू देत नाही. बघणारा भेटताक्षणी एकदा आणि पुढे दर तासाला एकदा फासा टाकतो. वेशाचा आकडा २० आला आणि वाड्यातल्या नोकराचा नजरेचा बोनस ४ असला, बरोबरी आपल्या बाजूने धरली, तर नोकराला १७ किंवा वर पडायला हवं. पाचांत एकदा. पण आठ तासांची रात्र त्याच्यासोबत काढायची तर फासे होतात नऊ, आणि नऊही वेळा निभावण्याची शक्यता उरते तेरा टक्क्यांच्या आसपास. हा झाला एकच नोकर. दरवाजावर चार पहारेकरी असले आणि डीएमने चौघांसाठी वेगवेगळे फासे टाकले, तर बोनस सारखे असताना आपला फासा पाचांत सर्वांत मोठा यायला हवा, म्हणजे शक्यता साधारण पाचांत एक. पाच जणांची टोळी वेश करून निघाली तर ती दरवाजातच अडकणार. खेळाडूंनी चूक काहीच केलेली नसते. फासे जास्त झाले, एवढंच.

त्याच नियमात एक फार चांगलं वाक्य आहे आणि टेबलावर तेच विसरलं जातं. तुम्ही कुणाचं लक्ष वेधून घेतलं नाही, तर इतरांना फासा टाकायला मिळतच नाही. शहराच्या वेशीवर येणाऱ्याजाणाऱ्यांवर नजर ठेवणारा संशयी पहारेकरी असेल तर त्याचा फासा दहा पडला असं धरायचं. बोनस ४ तर आकडा १४, विषय संपला. एवढं एक वाक्य मनापासून पाळलं तरी निम्मी भांडणं मिटतील.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत वेशांतर हे स्वतंत्र कौशल्य नाही. उरलं ते वेशांतराचं किट: २५ सोन्याची नाणी, तीन पौंड वजन. वेश तयार करताना त्याचा उपयोग, आणि वेशात वावरताना ‘डिसेप्शन’, म्हणजे थाप पचवण्याचं कौशल्य. ही फोड मला योग्य वाटते. रंगवणं आणि निभावणं ही वेगळी कामं आहेत. गर्प्ससारख्या खेळात वेशांतर आणि अभिनय ही आधीपासूनच दोन कौशल्यं आहेत. पण मूळ पुस्तकाने बाकी सगळं डीएमवर सोडलं. २०१७ च्या पुरवणी पुस्तकात वेळा आल्या: मध्यम बदलाला दहा मिनिटं, मोठ्या बदलाला तीस, आणि आधी तयार करून ठेवलेला वेश अंगावर चढवायला एक मिनिट. पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीतही सोंग घ्यायला साधारण दहा मिनिटं आणि गुपचूप टाकलेला फासा आहेच. सगळीकडे गृहीतक एकच: वेश ही चेहऱ्याची गोष्ट आणि पकडणारा डोळा.

चेहऱ्याचंच काम आधी बघू, कारण तिथेही नियमांना रंगभूषेची माहिती कमी आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. संगीत नाटकाच्या त्या परंपरेत भाऊराव कोल्हटकरांपासून बालगंधर्वांपर्यंत पुरुषांनी स्त्रिया उभ्या केल्या आणि प्रेक्षक हरखून गेले. म्हणून पुष्कळ खेळाडू म्हणतात की चांगला नट म्हणजे चांगला वेशधारी. तसं नाही. नाटकाचा प्रेक्षक तिकीट काढून, मान्य करून बसलेला असतो आणि दूर बसलेला असतो. रंगमंचावरची सुरकुती दिव्यांसाठी काढलेली असते. भर उन्हात हातभर अंतरावरून ती काजळाची रेघच दिसते. क्रेपची दाढी हनुवटीखालून वर थराथराने लावावी लागते, लावण्याआधी त्वचा तेलकट राहिली तर स्पिरिट गम हा चिकटवायचा डिंक धरत नाही, आणि घाम सुटला की ती सर्वांत आधी ओठांच्या कोपऱ्यांपाशी सुटते, कारण बोलताना तिथलीच कातडी हलते. आमच्याकडच्या जूनच्या दमट हवेत तर काही तासांत. म्हातारा केला तर चेहऱ्याला रंग लागतो, मान, कान आणि हातांचे पंजे तरुण राहतात.

दिवसाउजेडी टिकणारा वेश लावून होत नाही, काढून होतो. दाढी उतरवणं, केस कापणं, दागिने काढणं, धुळीत लोळवलेले कपडे. परंपरेने सांगितलेली आग्र्याची हकीकत आठवा. १६६६ साली महाराजांच्या जागी हिरोजी फर्जंद पांघरूण ओढून पडून राहिले, हात तेवढा बाहेर. चेहरा दाखवलाच नाही. आत आजारी माणूस झोपलाय हे पहारेकऱ्यांनी आधीच मनाशी धरलं होतं. वेशाचं निम्मं काम त्या समजुतीने केलं. खेळात हे करणाऱ्या खेळाडूला कोणता बोनस द्यायचा? माझ्या मते बोनस नको आणि फासाही नको. कुणी पांघरूण उचलेपर्यंत वेश पक्का.

पण आपल्या भागात वेश फोडण्याचं खरं काम कान करतात, आणि नियमांत कानाला जागाच नाही. बेळगावच्या खडेबाजारातल्या दुकानदाराला गिऱ्हाईक ‘काय करतोयस’ म्हणालं की ‘काय करायलास’, एवढं पुरतं. चंदगडकडचं बोलणं वेगळं, कोल्हापूरचं वेगळं, कारवारकडून आलेल्याच्या मराठीत कोकणीचा हेल. कानडीतही तेच. बेळगाव-धारवाडकडं ‘बर्री’ म्हणून बोलावतात, म्हैसूरकडचा माणूस ‘बन्नी’ म्हणेल. निपाणीपासून खानापूरपर्यंत माणसं दिवसातून दहादा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जातात आणि कुठल्या वाक्याला बदलायचं याचीही एक रीत असते. परका माणूस दोन्ही भाषा शिकेल, ती रीत शिकायला वेळ लागतो. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये मात्र ‘कॉमन’ नावाची एक सपाट भाषा सगळ्या मुलखात चालते, आणि भाषा एकतर येते किंवा येत नाही. वेशांतर अवास्तव वाटण्याचं सर्वांत मोठं कारण हे आहे. चेहऱ्याला दहा प्रकारचे उणे लावणाऱ्या खेळात उत्तरेचा सरदार दक्षिणेच्या बाजारात भाजी विकतो आणि त्याचा उच्चार कुणाच्या कानाला खटकत नाही.

यावर उपाय अवघड नाही. प्रत्येक भाषेच्या तीन पायऱ्या धरा: भाषा येते, त्या मुलखाची बोली येते, त्या धंद्याची रीत येते. पहिली पायरी नेहमीच्या नियमाने मिळते. दुसरी त्या मुलखात महिनाभर राहून किंवा पात्राचा जन्म तिथला असेल तर. तिसरी त्या धंद्यात काम केलेलं असेल तरच. जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. दलालाच्या वेशातल्या हेराचा फेटा, धोतर, मिशा सगळं बिनचूक असेल. समोरच्याने रुमाल पुढे केला की संपलं. इथे नजरेचा फासा टाकणं निरर्थक आहे. बोटं कशी धरायची हे त्याला माहीत आहे की नाही एवढाच प्रश्न आहे.

बघणाऱ्याचा धंदाही मोजायला हवा. अथणीच्या चपला करणाऱ्याची नजर आधी पायाकडे जाणार. त्याच्यासमोर रोजंदारीच्या मजुराचं सोंग घेतलेल्या सरदाराची टाच मऊ आहे हे लपणार नाही, मात्र खोटी दाढी कदाचित सुटून जाईल. शिंपी शिवण बघतो, न्हावी केसांची कड बघतो, सावकार नाणं देतानाचा हात बघतो. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, ही म्हण तर नियम म्हणून पुस्तकात छापावी. व्यापाऱ्याच्या वेशाला खरा खर्च लागतो: गाडी, माल, नोकर, सराईत उतरायचं भाडं, जकात. खेळाडूने पंचवीस नाण्यांच्या किटमधून सराफ उभा केला आणि कुणी हजाराचा सौदा पुढे केला, तर फासा कशाचा टाकणार?

महाभारतातला अज्ञातवास या सगळ्याचा उत्तम पाठ आहे. प्रत्येकाने जमणारंच काम निवडलं: भीम मुदपाकखान्यात, नकुल घोड्यांकडे, सहदेव गाईंकडे, अर्जुन नृत्य शिकवायला. धनुष्याच्या दोरीचे घट्टे त्याच्या हातांवर होते, ते बांगड्यांनी झाकले. द्रौपदीला पाहताच सुदेष्णेला शंका आली, ही साधी दासी नव्हे. तरीही तिला ठेवून घेतलं. शंका येणं वेगळं आणि द्रौपदी म्हणून ओळख पटणं वेगळं. आपल्या नियमांत हे दोन्ही एकाच फाशात कोंबलेलं आहे. आणि प्रचलित कथेत शेवटी दुर्योधनाला सुगावा लागला तो कुणाचा चेहरा पाहून नाही. कीचक मारला गेला, आणि असं मारू शकणारी माणसं जगात मोजकीच, यावरून. वेश कृतीने फुटला. दर तासाला फासा टाकायच्या नियमात हे वर्ष पहिल्या दिवशीच संपलं असतं.

म्हणून टेबलावर करायचं ते असं. खेळाडू वेश ठरवतो तेव्हा कोण व्हायचंय, कुठे आणि किती वेळ, हे तीन प्रश्न विचारा. मग फासा न टाकता वेशाचे कच्चे दुवे कागदावर लिहा: बोली, हात-पाय, परवाना किंवा शिक्का, धंद्याची माहिती, पैसा, ओळखीचा जामीन. दहा मिनिटांत केलेल्या वेशात यांतले चार कच्चे राहतील. संध्याकाळभर तयारी केली तर दोन. आठवडा, योग्य खर्च आणि त्या जगातला एक जाणकार हाताशी असेल तर एक. कुठले दुवे कच्चे ठेवायचे ते खेळाडूनेच निवडावं. तिथे त्याचं खरं डोकं लागतं आणि पुढच्या संकटाची त्याला आधीच जाणीव राहते. किटमधलं प्रावीण्य असेल तर आणखी एक दुवा पक्का होतो. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मारेकरी या उपवर्गाच्या पात्राला नवव्या पातळीवर सात दिवस आणि २५ नाणी खर्चून कागदपत्रांसह नवी ओळख उभी करता येई. वास्तवाच्या सर्वांत जवळ जाणारा नियम हाच, आणि तो एकाच उपवर्गाच्या नवव्या पातळीत अडकवून ठेवला याचं वाईट वाटतं. वेळ आणि पैसा घालणाऱ्या कुठल्याही पात्राला तो खुला करावा.

आत गेल्यावर, जोवर कुणाला बघायचं कारण नाही तोवर फासा नाही. प्रश्न पक्क्या दुव्यावर आला तरी नाही. कच्च्या दुव्यावर आला की डिसेप्शनचा फासा, आणि गाठायचा आकडा असा: कंटाळलेला पहारेकरी असेल तर १०, चोख असेल तर १५, त्याला आधीच खबर असेल तर २०. पाचपेक्षा कमीने हुकलं तर शंका, म्हणजे आणखी एक प्रश्न. पाच किंवा जास्तीने हुकलं तर अडवणूक: थांब, नायकाला बोलावतो. खरी ओळख मात्र त्या माणसाला पूर्वी पाहिलेल्यालाच पटेल, बाकीच्यांना फक्त ‘हा तो नव्हे’ एवढं कळेल. टोळी असेल तर फासा ज्याला विचारलं त्याचाच. त्यामुळे कोण बोलणार आणि कोण पोतं उचलून मागे चालणार हे आपोआप ठरवावं लागतं, जसं खरोखर ठरवावं लागेल. गुपचूप फाशाची कटकटही मिटते. वेश करताना तीन पडलेले पाहून पुन्हा मिशा लावत बसण्याचा प्रश्नच उरत नाही.

मंत्रांनाही हाच हिशेब लावा. पाचव्या आवृत्तीतला डिस्गाइज सेल्फ तासभर टिकतो, उंची फूटभर कमीजास्त दाखवतो, पण हात लावला की आरपार जातो. आवाज बदलत नाही, बोली शिकवत नाही, परवाना देत नाही. तो हात-पाय हा दुवा दिसण्यापुरता पक्का करतो, इतकंच. असं धरलं की मांत्रिक किटवाल्या चोराचं काम हिरावून घेत नाही. दोघांची गरज पडते.

आक्षेप दोन आहेत. पहिला हलका: ड्रॅगन उडतात त्या जगात एवढं वास्तव कशाला? ड्रॅगन कसा उडतो यावर खेळाडूला काही ठरवायचं नसतं. वेशात मात्र पावलोपावली ठरवायचं असतं, आणि माणसं कशी वागतात याचा अंदाज बांधता आला नाही तर ठरवणार कशावर? दुसरा आक्षेप जड आहे. असं खेळलं तर बोलघेवड्या खेळाडूचं फावेल आणि घुम्या खेळाडूच्या गोडबोल्या पात्रावर अन्याय होईल. हे खरंच होऊ शकतं. म्हणून खेळाडूकडून अभिनय मागू नये. ‘मी परवान्यावरून विषय काढून पावसावर नेतो’ एवढं त्याने सांगावं. ते किती सफाईने झालं हे फासा सांगेल. हेल काढून दाखवण्याची सक्ती तर मुळीच नको.

हेलाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्याकडे बोलीवरून माणूस कुठल्या बाजूचा हे ताडलं जातं, आणि त्याचे चटके मराठी घरांनाही बसलेत, कानडी घरांनाही. टेबलावर बोली हा कच्चा दुवा म्हणून आणताना तिची टिंगल होणार नाही हे डीएमने पहिल्याच सेशनला ठरवून घ्यावं. तसंच हमाल, झाडूवाली, पाणक्या यांच्या वेशाचं. हे वेश सर्वांत चांगले टिकतात, कारण वाड्यातली माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत नाहीत. न बघण्यातला तो उद्दामपणा खेळात दिसू द्यावा. हमालाच्या वेशात शिरलेल्या पात्राला सरदाराने नाव न विचारता ओझं उचलायला लावलं, तर ते उचलावं लागेल, आणि तिथे खऱ्या हमालांशी त्याची गाठ पडेल. ते त्याला दोन मिनिटांत ओळखतील. ओळखून गप्प राहायचं की ओरडायचं, हे त्यांना त्याने कसं वागवलं यावर ठरवावं, आणि त्यासाठी फासा टाकू नये.